शंकरोबाचं लोखंडी स्टेशन

शंकरोबानं यंदा रेल्वेनं यायचं, हे चिमणाबाईंच्या घरात भाकऱ्या थापता थापता ठरलं.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. कोल्हापुरात गौर येते आणि दुसऱ्या दिवशी तिला सासरी न्यायला शंकरोबा येतो. रानातल्या रोपाच्या रूपानं त्याला पाणवठ्यावरून आणायचं, गाणी म्हणत, फेर धरत, आणि नटूनथटून उभ्या असलेल्या गौरीशेजारी बसवायचं. उत्तरेश्वर पेठेतल्या चिमणाबाईंच्या घरात हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं. पण यंदा घरात नवी सून होती, संयोगिता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सासरची ही पहिलीच गौर. तिचं माहेर हातकणंगल्याला, स्टेशनच्या इतकं जवळ की गाडी आली की फडताळातली भांडी आपोआप वाजायची.

"आत्या," तिनं पीठ मळता मळता सासूला विचारलं, "शंकरोबा दरसाल चालतच येतो?"

"मग काय ईमानानं यील?"

"तसं न्हवं. आमच्याकडं बायकोला न्यायला आल्यालं जावई रेल्वेनं उतरत्यात. आम्ही सगळ्या पोरी स्टेशनात जाऊन बघत बसतो, कुठल्या डब्यातनं उतरतोय आन् हातात काय आणलंय म्हणून."

चिमणाबाईंचा हात भाकरीवर तसाच राहिला. तव्यावरची करपायला लागली, त्याचीही शुद्ध नाही.

"रेल्वेनं," त्या म्हणाल्या. "शंकरोबा. पिशवी घेऊन."

आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता पीठ नाकात गेलं, मग शिंका आल्या, मग सुनेलाही आवरेना. परड्यातल्या म्हशीनं काय झालं म्हणून रेकून विचारलं, तेव्हा तर दोघी भिंतीला टेकल्या.

या बेतात समोरच्या अंबूबाईंचाही थोडा वाटा होता. गेल्या साली अंबूबाईंनी आपली गौर चंद्रावर उभी केली होती. थर्माकोलचा चंद्र, खड्डे पाडलेला, आणि गौरीच्या डोक्यावर कंदिलाची मोठी काच. बायकांची रांग पार बोळाच्या तोंडापर्यंत गेली होती. चिमणाबाई स्वतः दोनदा बघून आल्या होत्या आणि दोन्ही वेळा "बरं हाय" एवढंच म्हणाल्या होत्या.

"रेल्वे कुठनं आणायची?" आता त्या म्हणाल्या. "आन् रेल्वे म्हंजे स्टेशन पायजे."

संयोगितानं मान वर करून कपाटाच्या वर बघितलं. चिमणाबाईंनीही बघितलं. दोघींनाही माहीत होतं तिथं काय आहे.

तिथं जुन्या चादरीत गुंडाळलेला एक डबा होता. राजवीर, म्हणजे चिमणाबाईंचा मुलगा आणि संयोगिताचा नवरा, शिरोलीच्या एका फौंड्रीत नकाशे काढायचा. दोन वर्षांपूर्वी तिथं माल बघायला एक जर्मन साहेब आला होता. त्याला कोल्हापूर दाखवायचं काम राजवीरकडं आलं, आणि जेवता जेवता कळलं की दोघंही रेल्वेवेडे आहेत. परत गेल्यावर साहेबानं पार्सल पाठवलं. आत एक छोटं स्टेशन, सुट्या भागांत. लोखंडी खांब, खांबांवर छप्पर तोलणाऱ्या लोखंडी कैच्या, कैच्यांवर छप्पर, खालून गाडी जायची. म्हणजे सगळं लोखंड दिसणारं, पण प्लॅस्टिकचं. जोडायचं आपण आणि रंगवायचंही आपणच.

राजवीरनं तो डबा बाळंतिणीच्या पोरासारखा घरी आणला आणि तेव्हापासून "सवडीनं करणार" म्हणून कपाटावर ठेवला. दर रविवारी खाली काढायचा, धूळ पुसायचा, झाकणावरचं चित्र बघायचा, परत वर. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यानं बायकोला फोटोंच्या अल्बमाआधी हा डबा दाखवला होता, झाकण न उघडता.

"त्याला इचारू या," संयोगिता म्हणाली.

"इचारू की," चिमणाबाईंनी स्टूल ओढलं. "आदी बघू तर आत काय हाय."

राजवीर ड्यूटीवर गेला होता. ज्ञानू, चिमणाबाईंचे मालक, म्हशींना वैरण टाकत होते. डबा उघडला.

आत चौकटीच होत्या, आणि चौकटींना चिकटलेले खांब, कैच्या, पट्ट्या. एकेक कैची म्हणजे तिकोनांची जाळी, वीतभर लांब, आणि जिथं पट्टीला पट्टी मिळते तिथं मोहरीहून बारीक रिबिटं, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांची डोकी. चिमणाबाईंनी एक कैची उजेडात धरली. भिंतीवर तिची सावली पडली, झालरीसारखी.

"आगाई! किती नाजूक काम हाय ग." मग त्यांनी बोटानं चोळून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "पण ह्ये लोखंड व्हय? ही तर साबणाची डबी झाली."

खरंच ते करडं प्लॅस्टिक साबणाच्या डबीसारखंच चकाकत होतं.

"म्हणून तर रंगवायचं, आत्या."

"मग सयाजी हाय की!"

सयाजी मागच्या गल्लीत गॅरेजात टेंपोंना रंग मारायचा. पोरगा भला, कामाला वाघ. दोघी चार कैच्या आणि एक खांब पदराखाली झाकून त्याच्याकडं गेल्या. सयाजीनं कैच्या तारेवर टांगल्या, डोळे बारीक केले, फवाऱ्याच्या बंदुकीत टेंपोचा करडा रंग आणि वर भरपूर थिनर ओतला.

"काकू, असा गुळगुळीत करतो बगा, आरसा म्हणाल."

त्यानं फवारा मारला. कैच्या सुंदर दिसल्या. चिमणाबाई "वा" म्हणाल्या, आणि त्यांचा तो "वा" हवेत असतानाच पहिल्या कैचीनं अंग मोडल्यासारखं केलं. मग ती हळूच वळायला लागली. तिची जाळी मऊ झाली, रिबिटं पाघळली, टोकं वर आली, आणि बघता बघता चारी कैच्या तारेवर गोळा होऊन लोंबायला लागल्या. खांबाची काठी वाकून सलाम ठोकत होती.

सयाजीच्या हातात बंदूक तशीच राहिली. "काकू," तो कसाबसा म्हणाला, "टेंपो असा कधी वितळला न्हाय ओ."

घरात शिरल्यावर संयोगितानं पदराखालून एक कैची काढली. वाळून कडक झालेली, गोल गोल, वेटोळी.

"आत्या," ती म्हणाली, "ही कुरडई दिसतीया."

खरं तर रडायची वेळ होती. पण चिमणाबाईंनी ती कुरडई बघितली आणि त्यांच्या पोटातून ते हसू पुन्हा उसळलं. तेवढ्यात दारात सायकलीची घंटी वाजली. राजवीर! चिमणाबाईंनी इकडं तिकडं बघितलं, सुनेच्या हातातली आणि पदराखालच्या अशा चारी कैच्या ओढल्या आणि फळीवरच्या कुरडयांच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. चौकटींचा डबा, आत वाकलेला खांब टाकून, चादरीसकट कपाटावर गेला.

संध्याकाळची जेवणं बसली. बाहेर पावसाची भुरभुर, आत आमटी-भात. ज्ञानूंनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "सोबत काय कुरकुरीत न्हाय? कुरडया तळा की चार."

"न्हाय!" सासू-सून एकदम ओरडल्या.

ज्ञानू घास हातात धरून बघत राहिले. "का?"

"संपल्या," चिमणाबाई म्हणाल्या.

"त्याल संपलंय," त्याच क्षणी संयोगिता म्हणाली.

"डबा तर भरल्याला हाय," राजवीर म्हणाला आणि उठलाच. तो तसा मदतीला तत्पर. झाकण काढलं, हात घातला आणि एक कुरडई बाहेर आली. करडी. चकचकीत. त्यानं ती दिव्याखाली धरली. कडेला एक रिबिट अजून शाबूत होतं.

ज्ञानूंनीच विचारलं, "कसलं पीठ हाय रं ते?"

राजवीरनं कपाटावर बघितलं, मग आईकडं, मग बायकोकडं. संयोगिता उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शंकरोबा, रेल्वे, सयाजी, थिनर. चिमणाबाई मध्येच म्हणाल्या, "तिचं काय न्हाय, डबा मी काढला."

राजवीर खाली बसला. कैची ताटाशेजारी ठेवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. संयोगिताला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला, "दोन वर्षं मी त्यो डबा उघडला न्हाय. बिघडंल म्हणून. एक खांब तुटला तर? रंगाचा डाग पडला तर? मला झोपंत सुदिक तेच दिसायचं. आता बिघडलाच की!" आणि शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर पोराचं होतं तसं त्याचं तोंड झालं. "आई, काढ डबा खाली!"

जेवणाची ताटं तशीच राहिली. डब्यातला कागद जर्मन भाषेत होता, पण चित्रं होती. राजवीर चित्रांवर बोट फिरवत म्हणाला, "पैली गोष्ट, साबणानं धुवायचं. साच्याचं त्याल असतंय अंगाला, त्यावर रंग धरत न्हाय. दुसरी, थिनरचा रंग लावायचाच न्हाय. पाण्याचा रंग पायजे, पण वाळल्यावर निघू ने असा."

"फॅब्रिक कलर!" संयोगिता किंचाळली.

हातकणंगल्याला असताना तिनं साड्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर ढीगभर मोर आणि कमळं रंगवली होती. माहेरून आलेल्या पेटीत अजून तिच्या बाटल्या होत्या. काळा, पांढरा, तपकिरी, विटकरी, चंदेरी. पाण्यात कालवायचे आणि वाळले की धुतले तरी जात नाहीत. राजवीर बायकोकडं असा बघायला लागला की ज्ञानूंनी लाजून आमटी ओढली.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाईंच्या परड्यात, ब्लाऊज आणि टॉवेलांच्या मध्ये, चिमटे लावून लोखंडी स्टेशन वाळत पडलं होतं. दूध न्यायला आलेल्या अंबूबाईंनी मान लांब करून विचारलं, "चिमणाक्का, ह्ये काय ग?"

"फण्या हायत," चिमणाबाई म्हणाल्या. "म्हशींच्या."

रंगकाम सुरू झालं आणि मग घराला दुसरं काही सुचेना. रोज दुपारी भांडी आवरली की सासू-सून पाटावर बसायच्या, संध्याकाळी राजवीर यायचा तो चपला न काढता त्यांच्यात घुसायचा. पहिला हात दिला तेव्हा रंग प्लॅस्टिकवरून पाण्याच्या थेंबांसारखा गोळा व्हायला लागला. चिमणाबाई जाड लेप द्यायला निघाल्या, तर रिबिटं त्यात बुडाली. संयोगितानं ते सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

"आत्या, पोतेरं न्हाय फिरवायचं. पावडर लावल्यागत लावायचं. पातळ. वाळू दे. परत पातळ."

चांगला कुंचला एकच होता. चिमणाबाई उठून परड्यात गेल्या. रेडकाच्या शेपटीला थोडी कात्री लागली, केस रिकाम्या रिफिलीत बसले, वर दोरा गुंडाळला, आणि असे कुंचले झाले की राजवीर म्हणाला, साहेबाला पाठवले पाहिजेत. रेडकाला मात्र त्यानंतर चिमणाबाई दिसल्या की ते खांबाच्या मागं जायचं.

करड्या रंगाचे हात झाले आणि घरात पहिलं भांडण लागलं. संयोगितानं विटकरी आणि तपकिरी कालवून जोडांवर गंज लावायला घेतला.

"ह्ये काय करतीस?"

"गंज, आत्या. आमच्या स्टेशनात पावसाचं पाणी जोडांतनं उतरतंय. तिथं असं लाल वघळ आल्यालं असतंय. त्याशिवाय लोखंड वाटतच न्हाय."

"गौर येणार म्हणून मी भिंतीस्नी चुना दिला, म्हशींची शिंगं रंगवली, आन् माझ्या दारात गंजकं लोखंड? जावई काय म्हणंल? बायकोला कसल्या घरात ठेवलंय?"

"पण नवं कोरं केलं तर खोटं वाटंल की!"

"खोटंच हाय ते! प्लॅस्टिक हाय!"

दोघी फणकाऱ्यानं दोन दिशांना तोंड करून बसल्या. राजवीर मध्ये. त्यानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो बाहेरच येईना. शेवटी तंबाखू मळत उंबऱ्यात बसलेले ज्ञानू म्हणाले, "मंत्री येतोय तवा स्टेशन कसं रंगवत्यात?"

"कसं?" दोघींनी विचारलं.

"शिडी पोचती तिथवर."

राजवीर तांब्यासकट बाहेर आला, आणि तिघंही एकदम ओरडले. तेच ठरलं! खालचे खांब चिमणाबाईंच्या मर्जीनं चंदेरी, लखलखीत, जावई उतरेल तिथं तर बुंध्याला पिवळा पट्टाही. आणि वर, जिथं शिडी पोचत नाही, तिथं संयोगिताचं राज्य. गंजाचे वघळ, डिझेलचा काळा धूर, आणि दोन कबुतरांची पांढरी शिट. धुरासाठी तिनं काळा रंग काढला, पण तो फार ओला दिसायला लागला. चिमणाबाईंनी मुकाट्यानं आपली मशेरीची डबी पुढं केली. बोटानं मशेरी चोळली आणि कैच्यांवर इतका खरा धूर बसला की सगळ्यांनी वास घेऊन बघितला. तिथं तंबाखूचा वास येत होता, एवढाच काय तो फरक.

पण खरी मजा शेवटच्या हातात होती. कागदावरच्या चित्रात कुंचला चंदेरीत बुडवून फडक्याला पुसलेला दाखवला होता. राजवीरला वाटलं, चित्र चुकलंय. लावायचा रंग पुसतं कोण? चिमणाबाईंनी करून बघितलं. कुंचला बुडवला, जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसला, आणि शेणकूट झटकावं तसा कैचीवरून अलगद फिरवला. खोलगट भाग काळेच राहिले. फक्त कडा उजळल्या, आणि एकेक करून रिबिटं वर आली. जणू कुणीतरी आत्ताच हातोडा मारून बसवलीत.

"आगं आगं आगं!" चिमणाबाई उठून उभ्या राहिल्या. "रिबिटं बघ! संयू, रिबिटं उगावली! लोखंड झालं ग, लोखंड!"

त्यांनी कैची तळहातावर घेऊन तोलली. आणि खरं सांगायचं तर त्यांना ती जड लागली. त्यांनी ती सुनेच्या हातात दिली, सुनेलाही जड लागली. ज्ञानूंना उठवून त्यांच्या हातात दिली. "आरं व्हय की," ज्ञानू म्हणाले. राजवीरनं घेतली आणि म्हणाला, "नाद खुळा!" मग चौघंही आळीपाळीनं ती फुंकरीनं उडणारी कैची तोलत बसले.

वितळलेल्या चार कैच्यांची जागा रिकामी होती. तिथं संयोगितानं काड्यापेटीच्या काड्यांचा परांचा बांधला, वर पोत्याचा तुकडा टाकला आणि पाटी लावली, 'काम चालू आहे, सावकाश जा'. सलाम ठोकणारा खांबही तिथंच उभा केला.

गाडी राजवीरनं महाद्वार रोडवरून आणली, सेलवर चालणारी. इंजिन, दोन डबे आणि एक उघडी मालगाडीची वाघीण. ती स्टेशनच्या मानानं थोडी मोठी होती. राजवीरनं पट्टी लावून मापं घेतली, इंजिनाचा भोंगा कानशीनं घासला, आणि गाडी कैच्यांखालून केसाच्या अंतरानं सुटायला लागली. ती पहिल्यांदा सुटली तेव्हा त्यानं बायकोला सगळ्यांदेखत उचललं. चिमणाबाईंनी तोंड फिरवलं, पण हसतच.

गौर आली. भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. हिरवं लुगडं, नथ, बोरमाळ आणि पायाशी आडवं पसरलेलं स्टेशन. त्या दिवशी बघायला आलेल्या बायका स्टेशनाकडं बघायच्या आणि विचारायच्या, "लोखंडाचं व्हय? केवढ्याला?" चिमणाबाई नुसत्या पदर सावरायच्या. त्यांचा जीव उद्यात अडकला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शंकरोबाला आणायला गल्लीतल्या पोरी पाणवठ्यावर गेल्या. परत आल्या त्या गाणी म्हणत, ताटात ताजं, ओलं, टवटवीत रोप घेऊन. दारात चिमणाबाईंनी त्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि म्हणाल्या, "आता पावण्यास्नी गाडीत बसवा."

खोलीत बायका मावेनात. अंबूबाई सगळ्यात पुढं, मांडी घालून. राजवीरनं वाघिणीत ओली माती भरली होती, संयोगितानं त्यात शंकरोबाला उभं केलं. राजवीरनं बटण दाबलं. गाडी घर्रर्र करत निघाली, पाटाला वळसा घातला, समईच्या मागून आली, स्टेशनात शिरली.

आणि अडकली. भोंग्याचं माप सगळ्यांनी घेतलं होतं. शंकरोबाचं कुणीच घेतलं नव्हतं. रोपाचा शेंडा पहिल्याच कैचीत गुंतला. चाकं फिरतायत, गाडी रेटतेय, शंकरोबा मागं झुकतोय आणि सगळं स्टेशन थरथरत पुढं सरकायला लागलं.

"छप्पर चाललं!" कुणीतरी ओरडलं.

"आवो शंकरोबा," चिमणाबाई खच्चून ओरडल्या, "वाका की जरा!"

खोलीत हशा उसळला. अंबूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या गुडघ्यावर उठल्या, दोन्ही हातांनी स्टेशनचे खांब गच्च धरले आणि म्हणाल्या, "मी धरलंय! चिमणाक्का, जावयाची मान वाकीव!" चिमणाबाईंनी एका बोटानं शंकरोबाचा शेंडा खाली दाबला. कैची सुटली. गाडीनं उसळी मारली आणि शंकरोबा मान वाकवून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कैचीखालून सटासट निघून गेला. रंगाचा एक टवकासुद्धा उडाला नाही.

पण तो थांबलाही नाही. राजवीर बटण दाबत होता आणि बटण आत जाऊन बसलं होतं, बाहेर यायचं नाव नाही. गाडीनं गौरीला वळसा घातला आणि पुन्हा स्टेशनात शिरली.

"वाका!" सगळ्या बायका ओरडल्या. चिमणाबाईंचं बोट, अंबूबाईंचे हात. शंकरोबा वाकला, गेला.

"थांबत का न्हाय?" एक म्हातारी म्हणाली. "गौर वाट बघतीया की."

"फास्ट गाडी हाय," संयोगिता डोळे पुसत म्हणाली. "हातकणंगल्याला पण अशीच निघून जाती!"

पुन्हा फेरी. "वाका!" पुन्हा फेरी. "वाका!" आता पोरींनी तालावर टाळ्या धरल्या होत्या, गौरीची गाणी सोडून कुणीतरी नवंच जुळवलं होतं, शंकरोबा आला, शंकरोबा गेला, पिशवी घेऊन आला, बायकोला इसरून गेला. उंबऱ्यात उभ्या असलेल्या ज्ञानूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सयाजी दाराबाहेरून टाचा उंचावून बघत होता.

"सेल काढतो," राजवीर म्हणाला, पण धावत्या गाडीचं झाकण कुठं उघडतंय?

चिमणाबाईंनी चहूकडं बघितलं. नैवेद्याच्या ताटातली एक अळूवडी उचलली आणि स्टेशनात, मधोमध, रुळावर ठेवली.

इंजिन आलं. वडीवर जाऊन टेकलं. घर्रर्र केलं, एकदा मागं सरकलं, पुन्हा टेकलं, चाकं जागच्या जागी फिरली, आणि गाडी उभी राहिली. बरोबर पिवळ्या पट्ट्याच्या खांबाजवळ.

"वडीचा वास लागला!" अंबूबाई ओरडल्या, आणि मग त्याही अशा हसत सुटल्या की स्टेशन सोडून आडव्या झाल्या. संयोगितानं शंकरोबाला अलगद उतरवलं, गौरीशेजारी नेऊन बसवलं. आरती झाली, पण ती कुणालाच नीट म्हणता आली नाही. प्रत्येक कडव्याला कुठून तरी बारीक आवाजात "वाका" यायचं आणि सगळी खोली पुन्हा फुटायची. नंतर झिम्मा झाला, फुगड्या झाल्या. चिमणाबाई आणि अंबूबाई फुगडीला उभ्या राहिल्या ते सुटेनातच.

दुसऱ्या दिवशी पेठेपेठेतून बायका आल्या, पाव्हण्यांना घेऊन आल्या, बाप्ये लोकही आले. अंबूबाई घरच्यासारख्या पाटावर बसून राहिल्या. प्रत्येक नव्या माणसाला खांब दाखवायच्या. "हात लावू नगा, लोखंड हाय, पण नाजूक हाय."

गौरी-शंकरोबाचं विसर्जन झालं, गणपती गेले. राजवीरनं स्टेशन कपाटावर ठेवलं, या वेळी चादर न घालता. पण चिमणाबाईंचे हात आता स्वस्थ बसेनात. दुपार झाली की बाटल्या काढायच्या आणि घरात प्लॅस्टिकचं काय सापडतंय ते बघायच्या. खुंटी झाली, मोरीतला मग झाला. मग त्यांची नजर म्हशींची कास धुवायच्या बादलीवर गेली. तिच्यावर सासू-सुनेनं दोन दुपारी घालवल्या. कडीजवळ गंज आणि रंगानं काढलेली रिबिटं, बुडाला पोचे, काठावर चंदेरी उजेड.

ज्ञानूंनी पहाटेच्या अंधारात बादली उचलली आणि म्हशी घेऊन गंगावेशीत गेले, तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायची रीत. उजाडलं. नेहमीचं गिऱ्हाईक ग्लास घेऊन आलं आणि बादलीकडं बघून मागं सरलं.

"ज्ञानबा, काय ह्ये? एवढी गंजकी बादली? कासंला जखम व्हईल की म्हशीच्या!"

ज्ञानूंनी बादलीकडं बघितलं. वाकून नीट बघितलं. बोटानं रिबिटं चाचपली. मग ती एका करंगळीवर अडकवून हवेत फिरवली, आणि सगळी गंगावेस वळून बघेपर्यंत ते तिथंच, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, हसत उभे राहिले.